खोका नसलेली गिटार

९ नोव्हेंबर
डाव्या हाताच्या बोटांवर तारांचे वळ. पोळ्या लाटताना दुखलं. लाटणं दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं हातात फिरत राहिलं.
गिटार येऊन तीन आठवडे झाले. वि. अजून नाव घेत नाही. 'ते तुझं तिथे ठेवू नकोस, भिंतीला ओल आहे,' एवढंच.
ज्या खोक्यातून आली तो दाराआड उभा. नेहमीप्रमाणे माळ्यावर जाईल.

१३ नोव्हेंबर
क्लास. तेलीबागहून ई-रिक्षा, मग मेट्रो. हजरतगंजच्या मागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानावरची खोली. मसीह सर सत्तरीचे, शाळेत संगीत शिकवून निवृत्त. मी सोडले तर सगळे विद्यार्थी सोळा-सतरा वर्षांचे. सर त्यांनाही 'आप' म्हणतात.
आज त्यांनी एकच कॉर्ड दोन तऱ्हांनी वाजवली. आधी हात वरखाली, सहाही तारा एकदम. हे स्ट्रमिंग. मग अंगठा आणि तीन बोटं, एकेक तार वेगळी. हे फिंगरपिकिंग. पहिल्याने खोली भरली. दुसऱ्याने मोठी झाली.
'पहला वाला तीन महीने में आ जाएगा। गाने बजा लेंगी आप। दूसरे को दो साल दीजिए।'
विचार करून सांगते म्हटलं.

१४ नोव्हेंबर
विचार कसला. वि. रेल्वेत, पूल बघतो. तीन वर्षांनी बदली. लखनौला अडीच होत आली.
हुबळीत कन्नड. दुकानांच्या पाट्या वाचता येऊ लागल्या आणि निघालो. गुवाहाटीत माग. दीड वीत कापड झालं, ते खोका नं. १७ मध्ये. मराठीतला प्रबंध, तीन प्रकरणं, खोका ९.
तीन महिने बसतात. दोन वर्षं बसत नाहीत.

२० नोव्हेंबर
सरांना सांगितलं, स्ट्रमिंग. 'जी, बहुत अच्छा,' म्हणाले. त्यांच्या तोंडावर काही दिसलं नाही. मी बघत होते.
खाली, खाली-वर, वर-खाली-वर. मेट्रोत मांडीवर हाताने तेच. शेजारची बाई जरा सरकून बसली.

६ डिसेंबर
चार कॉर्ड येतात. अडखळत, पण गाणं होतं. रेवाला व्हिडिओ कॉलवर वाजवून दाखवलं. पुण्यात नोकरीला लागून वर्ष झालं तरी बोलते हिंदीच. मी मराठीत, ती हिंदीत, तिच्या जन्मापासून. 'अरे वाह मम्मी। अब पार्टी में बजाना यार।'
वि. पेपरामागून: 'छान.'
छान होतंही. संपल्यावर मात्र काही उरलं नाही. भांडं उपडं केल्यासारखं.

१९ डिसेंबर
धुकं. समोरच्या घराचं फक्त फाटक दिसतं, घर नाही. दूधवाला धुक्यातून आला आणि त्यातच गेला. मध्ये काही क्षण माणूस होता.
दुपारी कबाडीवाला. पेपरांचे गठ्ठे दिले. दाराआडच्या खोक्याकडे बोट करून म्हणाला, 'दीदी, ये भी?' मी हो म्हटलं. त्याने पायाने चेपून सपाट केला, हातगाडीवर टाकला. दार लावलं, मग लक्षात आलं.
आमच्या घरात खोका टाकत नाहीत. टीव्हीचा, मिक्सरचा, कपबशांचा, सगळे माळ्यावर. प्रत्येकावर वि.च्या अक्षरात नंबर, आणि गावांची नावं एकाखाली एक, आधीचं खोडलेलं. लग्नाच्या सव्वीस वर्षांत एकही गेला नव्हता.
हातगाडीचा आवाज कोपऱ्यापर्यंत येत होता. धावत गेले असते तर मिळाला असता.
वि.ला बोलले नाही.

३ जानेवारी
सरांचा खोकला, क्लास बंद. घरी या म्हणाले. घर बख्शी का तालाबच्या पुढे. आजूबाजूला मोहरी, अजून फुलायची. अंगणात ऊन म्हणावं असं काहीतरी पडलेलं. सर शालीत. चहा दिला.
गिटार मांडीवर, हात बाजूला. एअर फोर्सचं विमान गेलं, धुक्यात, दिसलं नाही. ते गेल्यावर आवाज थांबला, पण माझ्या पोटाशी काहीतरी चालूच होतं. तारा. कुणी हात लावला नव्हता. सगळ्यात जाड तार बराच वेळ गुणगुणत होती. एकटी.
सर म्हणाले, 'सुनिए, सुनिए।' मग आम्ही दोघं ती संपेपर्यंत बसलो.
निघताना म्हटलं, 'सर, दूसरा वाला सीखना है।'
'तबादला?' दर तीन वर्षांची बदली त्यांना माहीत.
'आएगा।'
'तो नाख़ून बढ़ाइए। सिर्फ़ दाएँ हाथ के।'

१७ जानेवारी
उजव्या हाताची नखं वाढवतेय, डाव्याची रोज कापते. एकाच बाईचे दोन हात वाटत नाहीत.
नखांत कणीक जाते. वरणभाताने हळदीची पिवळी कडा येते, साबणाने निघत नाही. आजपासून कणीक डाव्या हाताने. पोळ्या वातड. वि.ने दोन खाल्ल्या, तिसरी घेतली नाही. माझा हात उलटा करून नखं पाहिली. 'हे काय?' सांगितलं. 'बरं,' म्हणाला. बराच वेळ हात धरूनच होता, विसरल्यासारखा.

२ फेब्रुवारी
अंगठा, पहिलं, दुसरं, तिसरं, दुसरं, पहिलं. अंगठा, पहिलं...
गाणं नाही. सूरही नाही म्हणावं तर. गच्चीवरचं पाणी पन्हळीतून उतरावं, तसं काहीतरी. पण मधेच थेंब चुकतो.
सर म्हणतात अंगठ्याने चालायचं, बोटांनी बोलायचं. माझं बोलताना चालणं थांबतं.

१९ फेब्रुवारी
सकाळचा एक तास. मग दिवसभर कशालाही हात लावला की बोटं तेच मोजतात. धण्याच्या डब्यावर. जिन्याच्या कठड्यावर. उन्हात वाळत घातलेल्या चादरीवर, तिला आवाज नाही.
स्वप्नात हुबळीचं घर. आतल्या खोलीत कुणी वाजवत होतं. दार उघडलं तर खोके. सगळे बंद, आणि आवाज नेमका कुठल्यातून येतोय कळेना.

८ मार्च
वि. दाढी करताना आतून म्हणाला, 'तिसऱ्यानंतर थांबतेस.'
'काय?'
'तिसऱ्या वेळेला. अंगठा उशिरा येतो. दर वेळी.'
मोजून पाहिलं. खरं आहे. 'सी'वरून 'जी'वर जाताना. याने तीस वर्षं पुलावरून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकलेत, कुठला सांधा ढिला ते डोळे मिटून सांगतो. तो ऐकत असेल असं मला वाटलं नव्हतं.
कधीपासून ऐकतोय, विचारलं. टॉवेल तोंडावर होता. उत्तर नीट कळलं नाही.

२९ मार्च
थांबत नाही आता. तिसऱ्यानंतरही नाही. चार कॉर्डचं एक आवर्तन, पूर्ण. हळू. मग पुन्हा.
सरांना वाजवून दाखवलं. डोळे मिटून होते. 'हाँ, अब शुरू हुआ।'
मला वाटलं होतं, झालं म्हणतील.
मेट्रोतून उतरायचं राहिलं. दोन स्टेशनं पुढे गेले, परत आले. वाईट वाटलं नाही.

१६ एप्रिल
ऑर्डर आली. बिलासपूर. वि.ने बूट काढता काढता सांगितलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात रुजू व्हायचंय.
दर वेळी मी विचारते, घर कसं असेल, भाजी कुठे मिळेल. आज विचारलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मोजे घडी करून बुटात ठेवले.
रेवा फोनवर: 'बिलासपुर में भी कोई टीचर होगा ना।' असेल. माझ्या आयुष्यात प्रत्येक गावी कुणीतरी असतंच, जे पहिल्या धड्यापासून सुरू करतं.

२५ एप्रिल
उकाडा. पंख्याखाली तारा उतरतात, रोज जुळवाव्या लागतात. नखं घामाने मऊ, मधल्या बोटाचं तुटलं. त्या बोटाचा आवाज आता आत गेलाय, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. तसाच वाजवला.
सरांना सांगितलं बदलीचं. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग पुढचा धडा दिला. वहीत लिहिताना वर तारीख घातली नाही, नेहमी घालतात.

३ मे
वि.ने माळ्यावरून खोके काढले. आठ दिवसांनी मजूर येणार, त्याआधी गावांची नावं बदलायची. स्टुलावर तो, खाली मी. प्रत्येकावर 'लखनौ' खोडून 'बिलासपूर'. सव्वीस वर्षं त्याचं अक्षर बदललेलं नाही. १७ आला, हलका. ९ आला, जड. घेतले आणि रचले.
मग: 'गिटारचा कुठंय?'
'नाही.'
'नाही म्हणजे? मागे असेल.'
'दिला. डिसेंबरात. कबाडीवाल्याला.'
स्टुलावर तसाच उभा. हातात मार्कर, टोपण काढलेलं. खोका दिला असं कुणी त्याला कधी सांगितलं नसेल.
'चुकून?'
'देताना चुकून.'
तो उतरला. बाजारातून एक आणता येईल म्हणाला, फोम घालून, त्यात काय. बरोबर आहे, त्यात काहीच नाही.
मी म्हटलं, 'दोन वर्षं लागतात. जानेवारीत सुरू केलं.'
त्याने बोटांवर मोजलं. मला दिसत होतं. 'म्हणजे अजून दीड वर्षाच्या वर.'
'हो.'
'इथेच?'
मी त्याच्या हातातला मार्कर घेऊन टोपण लावलं.  खाली भाभीजी, घरमालकीण, कुणाला तरी हाक मारत होत्या. भाडं त्यांना या महिन्यापर्यंतचंच दिलंय, हे दोघांच्याही मनात एकदम आलं असावं.

४ मे
सकाळी वि. जमिनीवर, सामानाची यादी घेऊन. सामान सगळं पुढच्या खोलीत रचलेलं, बाकी खोल्या रिकाम्या, त्यामुळे आवाज वेगळा होतो. बोललेलं थोडं मागे राहतं. मी खिडकीशी बसून सुरू केलं. अंगठा, पहिलं, दुसरं, तिसरं. रिकाम्या घरात एकेक तार जास्त वेळ टिकते. एक विझायच्या आत दुसरी. इतकं चांगलं यापूर्वी कधी वाजलं नव्हतं, आणि ते माझ्यामुळे नव्हतं.
चिकटपट्टी फाडल्याचा आवाज येत होता, तो थांबला.
यादी ४३ पर्यंत झालेली. त्याने ४४ लिहिलं. पुढे 'गिटार' लिहिलं. त्यापुढे खोक्याचा रकाना. पेन तिथे टेकवलं, उचललं नाही, लिहिलंही नाही.
'सी'वरून 'जी'. वि.चं डोकं किंचित वाकडं झालं, सांधा ऐकताना होतं तसं.
अंगठा थांबला नाही.