माझी आठ नंबर

प्रिय हर्षद,

रविवारी जे झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. गोल्फच्या मैदानावर सातव्या होलवर निशिगंधाचा चेंडू ग्रीनवरच्या झेंड्यापासून एकशे दहा यार्डांवर होता. वारा समोरून, घाटाकडून.
२. तिने आठ नंबरची स्टिक काढली. मूठ दोन बोटं खाली धरली. हात खांद्याच्या वर नेले नाहीत.
३. चेंडू उजवीकडे गेला, तळ्यात.
४. तू काहीतरी म्हणालास. ती हसली.
५. मी मैदानाच्या ऑफिसच्या व्हरांड्यात उभी होते. तू मला पाहिलं नाहीस.

तुम्ही पुढे गेल्यावर मी त्या जागेवर जाऊन उखडलेलं गवत पाहिलं. खड्डा बाहेरच्या कडेला खोल, आतल्या कडेला नुसता खरचटल्यासारखा. म्हणजे स्टिकचं टोक आधी जमिनीत घुसलं. बुटक्या मुलीच्या मापाची स्टिक उंच मुलीच्या हातात दिली की असंच होतं, आणि चेंडू उजवीकडे जातो. त्या मैदानावर इतकी वाकवलेली आठ नंबर एकच आहे. ती माझी आहे.

खालापूरला तुझ्या मामाच्या वेल्डिंगच्या दुकानात आपण ती वाकवली. स्टिकची मान व्हाइसच्या जबड्यात आवळलेली, मी कोनमापक धरून, तू पाइपवर भार देऊन. "दोन अंश मंजी किती गं? मांजरीच्या मिशीएवढं?" असं विचारत होतास आणि मी थांब म्हटल्यावर बरोबर थांबलास. दुसऱ्या दिवशी पहिला चेंडू सरळ गेला, तेव्हा तू माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडलास. पळसदरीला तुझ्या आईलाही ऐकू गेलं असेल.

तू शिकवलंस ते मी अजून तसंच करते. अंतर दोन स्टिकांच्या मधलं असेल तर मोठी घ्यायची, मूठ दोन बोटं खाली, आणि जोर लावायचा नाही. "हलू मार गं, भात झोडायला नाय आलीस." हे वाक्य फक्त माझ्यासाठी आहे असं मी समजत होते. रविवारी तू तिला काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही. भातच असावा. पण समोर वारा असताना तिथे सात नंबर हवी होती, आठपेक्षा लांब मारणारी. मूठ खाली धरलेली आठ सरळ गेली असती तरी पोहोचली नसती. तू तिला अर्धंच शिकवलंयस, हे कळून मला बरं वाटलं. असं वाटणं चांगलं नाही, पण वाटलं.

निशिगंधाबद्दल तक्रार नाही. ती दिसली की हात हलवते, आणि तिचे खांदे माझ्यापेक्षा छान वळतात, हेही मी पाहिलंय. स्टिक कोणाची ते तिला ठाऊक नसेल. तुला ठाऊक होतं.

तिला तिच्या मापाची दुसरी निवडून दे. माझी तिच्यासाठी सरळ करू नकोस. लोखंड एकाच जागी उलटसुलट वाकवलं की थकतं, आणि कधीतरी ऐन फटक्यात तुटतं. हे तांत्रिक कारण.

दुसरं कारण असं. जूनमध्ये मैदान बंद झालं तेव्हा मी ती स्टिक मुठीवरची रबरी ग्रिप बदलायला तुझ्याकडे ठेवली. ग्रिप चांगली होती. हातात घेताच तुला ते कळलं असणार, तरी तू "ठेव" म्हणालास. ती द्यायला तू मोहोपाड्याला आमच्या कॉलनीत येशील, असं मी धरून चालले. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी मागितली नाही, कारण मागितली असती तर तुला यायला कारणच उरलं नसतं. आता ती दुसऱ्याच्या हातात पाहिली, म्हणून मागते आहे.

येत्या रविवारी ती घेऊन तू स्वतः मोहोपाड्याला ये. यायचं नसेल तर मैदानाच्या ऑफिसात ठेव, मी समजून घेईन आणि पुन्हा विचारणार नाही. दोन्हींपैकी काय करतोयस, ते गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळव.

गुरुवारपर्यंत तरी तुझीच,
अक्षदा