कारभारीण म्हणायचं कुणाला

चिकोडी, २ ऑगस्ट २०२४

ती. सौ. क्षमावन्सं यांना दिव्याचा शि. सा. न. आणि जय जिनेंद्र.

फोनवर बोलायला लागले की लेकीशी काय बोलते ते ऐकायला आत्ती शेजारीच येऊन बसतात, म्हणून कागद घेतला. परवा तुमच्या माहेरी सगळे उपाशी राहिले. हसू नका. दिवस बुडायच्या आत जेवायचं, आणि आत्तींनी वाढा म्हटल्याशिवाय ताट मांडायचं न्हाई, ही घरची रीत तुम्हाला सांगायला नको.

परवा आत्तींनी रोजच्यासारखं साखरेच्या आजाराचं, इन्शुलिनचं इंजेक्शन टोचून घेतलं आणि बाहेरच्या सोप्यात बसून राहिल्या. वाढा म्हणायचं विसरूनच गेल्या. अलीकडं लई विसरतात. भाकरी झालेली, आमटी निवत चाललेली, मी दोनदा मुद्दाम भांडी वाजवली. यांना म्हटलं, तुम्ही तरी आठवण करा. तर आई सांगेल की, म्हणून पेपरात तोंड घातलं. ढगात दिवस कधी बुडाला कळलंच न्हाई. मग रिकाम्या पोटी इंजेक्शन चढलं, आत्तींना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. साखर तोंडाशी नेली तर दिवस बुडालाय म्हणून दात आवळून बसल्या. डॉक्टरांनी घरी येऊन सलाईन लावलं तेव्हा कुठं डोळे उघडले. पुन्हा असं झालं तर मी येऊनही उपयोग व्हायचा न्हाई, असं ते बजावून गेलेत.

लई दमलेय हो. बारा वर्षं या घरात राबतेय, पण अजून एक ताट माझ्या मनानं वाढलेलं न्हाई. तुम्ही शाळेत मराठी शिकवता, तर एवढं सांगा, कारभारीण म्हणायचं कुणाला?

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची
दिव्या

बेळगाव, ७ ऑगस्ट

चि. सौ. दिव्या हिस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि वर्गात शिकवणं सुचेना. अर्थ विचारतेस तर कोशातला घे: कारभार पाहणारी, किंवा कारभाऱ्याची बायको. आपल्याकडे बाई नवऱ्याला कारभारी म्हणते. तुझ्या कारभाऱ्याचा, आमच्या कुमारचा, कारभार म्हणजे आई सांगेल, एवढाच!

पण घरातला अर्थ मी लहानपणी पाहिलाय. आई पंधरा वर्षं आजीला विचारत होती, वाढू का म्हणून. आजी गेल्यावर पहिल्यांदा आईनं वाढा म्हटलं आणि मोरीत जाऊन ढसाढसा रडली. आपल्या घरात हा शब्द बाईला मागची बाई गेल्यावरच मिळतो बघ. दिव्या, तू तोवर थांबलीस तर माझी आई जाईल.

मी माहेरवाशीण, तुला हुकूम करणारी मी कोण? नणंद म्हणून नाही, तिची लेक म्हणून हात जोडते. तिनं म्हणो न म्हणो, तू वाढ. रागावली तर माझं नाव सांग.

मीही थकलेय गं, इथं बसून नुसती काळजी करून. माझ्यावर राग धरू नकोस, जीव मात्र लाव.

तुझी
क्षमा

चिकोडी, १४ ऑगस्ट

ती. सौ. क्षमावन्सं यांना शि. सा. न.

वाढलं. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी, ऊन भिंतीवर असतानाच. कुणी सांगितलं, असं आत्तींनी विचारलं. तुमचं नाव ओठावर आलं होतं, पण मीच वाढलं म्हणाले. त्यांनी ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि गुमान जेवल्या. मग चार दिवस माझ्याशी बोलल्या न्हाईत. हे मलाच म्हणाले, जरा सबुरीनं घ्यायचं. अशी चीड आली म्हणून सांगू!

आज दुपारी शेजारच्या शालूबाई विरजण मागायला आल्या आणि कारभारीण घरात हाय का, म्हणून दारातूनच हाक मारली. मी चुलीपाशी. आत्तींनी कॉटवरूनच सांगितलं, हाय की, आत हाय, तिलाच विचार. मला ओ द्यायचा धीर झाला न्हाई.

संध्याकाळी इंजेक्शन घेऊन आत्ती स्वयंपाकघराच्या दारात आल्या. जेवायला बसू का, असं मला विचारलं. वन्सं, बारा वर्षं ज्याची वाट बघितली ते हेच होतं ना? मग मला रडू का आलं? त्यांना हाताला धरून बसवलं.

दोन दिवस रजा काढून या. तुमच्या आईनं असं विचारलेलं माझ्या एकटीच्यानं ऐकवत न्हाई.

तुमची
दिव्या