डेल्मरचा डावा कान

१२ एप्रिल १९७८
पाइन लँडिंग, मिसिसिपी

प्रिय ओडेसाआई,

देवाच्या दयेने आम्ही तिघं धडधाकट आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? कालवांच्या कारखान्यात बसायला स्टूल दिलं का, की अजून उभंच ठेवतात? रूबी जोला खालचे दोन दात आलेत आणि त्यांची धार ती माझ्यावरच बघते. रागावली की कपाळाला अशी आठी घालते की डेल्मर म्हणतो, "बघ, आई आली."

हे पहिलं पान चर्चमधल्या बायकांना खुशाल वाचून दाखवा. दुसरं मात्र तुम्ही एकट्याच वाचा.

डेल्मरच्या कॉलेजात गेला महिनाभर फुटबॉलच्या मोठ्या, पगारी संघांचे पारखी येतायत. मे उजाडला की सगळे संघ आळीपाळीने आपापली पोरं उचलणार, म्हणून आधी माल बघून ठेवतात. माल म्हटलं म्हणून रागावू नका, तुम्ही बघितलं असतं तर तुम्हीही तेच म्हणाला असतात. पोरांना नुसत्या चड्डीवर ओळीत उभं करतात. उंची घेतात, वजन घेतात, पंजा टेबलावर पसरायला लावून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मोजतात. माझे आजोबा खेचर घेताना एवढं बघत नसत. डेल्मर म्हणाला, "दात मोजायचे तेवढे राहिले." मी म्हटलं, "हसू नकोस, उद्या तेही येतील."

आणि नुसतं अंग बघत नाहीत. खानावळीतल्या बाईंना विचारतात, पोरगा स्वतःचं ताट उचलतो का. न्हावी मिस्टर ओटिसना विचारतात, कोणाच्या संगतीत असतो. ओटिस म्हणाले, "मी सांगितलं, माझ्या दुकानात बसून माझं बोलणं निमूट ऐकून घेणारा गावात हा एकच. आणखी काय पाहिजे?"

तुमच्या लेकाला सगळे ताकदीचा म्हणतात, चपळ म्हणतात. एवढं वाचून दाखवा आणि पान घडी करून ठेवा.

आता हे दुसरं. दार लावून घ्या.

आई, कोणत्याच संघाने उचललं नाही तर डेल्मर जूनपासून लाकडाच्या गिरणीत जाणार आहे. माझ्या मामाने तिथे शब्द टाकलाय. सगळे म्हणतात, नशीब काढलं. मला मात्र रात्रंदिवस तेच दिसतं. करवती चालू असतात, मागून एखादा ओंडका सुटतो आणि लोक ओरडतात, बाजूला हो. डावीकडून ओरडले तर? मी तशी भित्री आहेच, तुम्हाला ठाऊक आहे. पण हे नुसतं भित्रेपण नाही हो. असं मनात आलं की मला दूधसुद्धा येत नाही.

काल एक पारखी घरी आला. मिस्टर क्लेबर्न, आपल्यासारखाच काळा, म्हातारा, पूर्वी स्वतः खेळायचा. आपल्या लोकांच्या कॉलेजांतून तोच फिरतो. डेल्मर सरावाला गेलेला. मी त्याला मोठे वाल आणि मक्याची भाकरी वाढली. खाल्लं आधी, मग बोलला.

"पोरी, तुझा नवरा मला कळत नाही."

म्हटलं, "मलाही कधी कधी नाही कळत, साहेब."

हसला. मग म्हणाला, "समोरचे खेळाडू फसवायला मोठमोठ्याने ओरडतात. चेंडू हलायच्या आधीच आपला गडी उसळला की दंड बसतो. भले भले फसतात. हा एकदाही फसत नाही. दगड आहे दगड. असा पोरगा किती शिस्तीचा असेल! आणि हाच पोरगा, कोच बाजूला घेऊन समजावतो तेव्हा मध्येच पाठ फिरवून चालायला लागतो. शेजारचा गडी सांगतो इकडे सरक, हा तिकडे जातो. आमच्यातल्या तिघांनी लिहून टाकलंय, उद्धट आहे, घेऊ नका."

मी भांडं घासत होते. तेच ते भांडं घासत राहिले.

"दारू?" त्याने विचारलं.

"नाही साहेब."

"मग घमेंड?"

आई, डेल्मरला घमेंडखोर म्हणतात! रूबी जो झोपली असेल तर दार हळू उघडणारा माणूस!

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही त्याला इतक्या वेळा पडद्यावर बघितलंत, तुम्हाला कसं दिसलं नाही?"

"काय दिसलं नाही?"

"कोच कुठल्या बाजूने बोलतात ते."

तो म्हणाला, "आमच्या चित्रफितीला आवाज नसतो, पोरी. आम्ही सगळी माणसं मुकीच बघतो."

आणि मी सांगितलं. लहानपणच्या तापात डावा कान गेला ते. तो समोरच्यांच्या ओरडण्याला भुलत नाही, कारण तो फक्त चेंडूकडे बघतो, आवाजावर भरवसाच ठेवत नाही, तेही. लग्नाच्या दिवशी तुम्ही बायबलवर माझा हात ठेवून घ्यायला लावलेली, कानाचं कोणाला न सांगण्याची शपथ मला आठवत होती. तोंड मात्र थांबलं नाही.

 म्हाताऱ्याने ताटात उरलेल्या वालाच्या दाण्यांची रांग लावली. शेवटच्या दाण्यावर बोट ठेवून म्हणाला, "हा तुझा नवरा. याला नेहमी उजव्या टोकाला उभं करतात. बाकीचे सगळे कुठे आले?"

"डावीकडे."

"म्हणजे सगळी टोळी बहिऱ्या बाजूला! अरे देवा, चुकीच्या टोकाला उभा आहे पोरगा." आणि त्याने तो दाणा उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला.

जाताना म्हणाला, मी कोणाला काही बोलणार नाही, पण शनिवारी मला एक गोष्ट करून बघू दे.

डेल्मरला अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला लिहिते आहे, कारण शपथ तुमची होती. आता ते लोक म्हणाले, आम्हाला अपंग पोरगा नको, तर गिरणीची वाट मीच उघडून दिली असं होईल. मला शिव्या द्या, पण उत्तर पाठवा.

तुमची, उत्तराची वाट बघणारी,
अर्लीन


४ मे १९७८
पाइन लँडिंग

प्रिय ओडेसाआई,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही लिहिलंत की शाळेवाल्यांना कळलं असतं तर त्यांनी सहा वर्षांच्या पोराला बहिऱ्यांच्या लांबच्या वसतिगृहात टाकलं असतं, म्हणून तुम्ही त्याला समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलणं ओळखायला शिकवलंत. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. रूबी जोला कोणी असं न्यायला आलं तर मीही गावभर खोटं बोलत फिरेन. त्यामुळे तुम्ही मला जे काही म्हणालात, त्यातलं मी निम्मं घेतलं आणि निम्मं तुमच्या काळजीच्या नावावर टाकलं.

आता शनिवारचं ऐका. क्लेबर्नसाहेबांनी कोचला नुसतं एवढंच सांगितलं, "मला हा पोरगा डाव्या टोकाला बघायचाय." कोच म्हणाला, तो तिथे कधी खेळलेला नाही. "म्हणून तर बघायचाय."

डेल्मर तिथे खेळून घरी आला, बूट न काढता दारात उभा राहिला.

"तू सांगितलंस."

"हो."

"आईची शपथ?"

"मोडली."

मला वाटलं आता घर डोक्यावर घेतो. तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. मी पोरीला घेऊन उजव्या बाजूला जाऊन बसले. तेव्हा म्हणाला, "अर्लीन, सगळं ऐकू येत होतं गं. मधोमध टकर उभा असतो ना, तो खेळताना तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. तीन वर्षं मला वाटायचं, देवाचं नाव घेतो बिचारा. शिव्या देतो! माझ्याच नावाने देतो!"

आणि हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरले, पण ते मी बघितलं नाही असं दाखवलं. मग म्हणाला, "आज मला कोणी आडमुठा म्हणालं नाही." माझ्यावरचा राग दोन दिवस होता. जेवण मुकाट्याने जेवायचा, पण दुसऱ्यांदा वाढून मागायचा, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही.

काल निवडीचा दुसरा दिवस. आमच्याकडे फोन नाही, म्हणून ओटिसच्या दुकानाचा नंबर दिलेला. सकाळपासून अर्धं गाव तिथे केस कापायला. एवढे केस गावात आहेत हेच मला माहीत नव्हतं. दुपारपर्यंत काही नाही. ओटिस प्रत्येक गिऱ्हाइकाला दटावत होते, "फोनला हात लावलास तर कान कापीन." मी कोपऱ्यात पोरीला मांडीवर घेऊन गिरणीचाच विचार करत होते.

मग वाजला. ओटिसनी साबणाच्या हाताने उचलला, ऐकलं आणि डेल्मरच्या डाव्या कानालाच लावला.

आई, पूर्वी तो काय करायचा तुम्हाला ठाऊक आहे. हसायचा, खांदा वळवायचा, कोणाला कळू न देता फोन या हातातून त्या हातात घ्यायचा. काल त्याने तसं केलं नाही. भरल्या दुकानात मोठ्याने म्हणाला, "मिस्टर ओटिस, या कानाने मला ऐकू येत नाही. लहानपणापासून नाही. इकडून द्या."

ओटिसच्या हाताखालच्या पोराचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला.  डेल्मर उजव्या कानाला फोन लावून "हो साहेब, हो साहेब" म्हणत होता. नवव्या फेरीत घेतलंय, आई. क्लेबर्नसाहेबांच्याच संघाने. डाव्या टोकासाठी.

फोन ठेवल्यावर पहिले ओटिसच बोलले. "म्हणजे माझ्या बायकोबद्दल मी तुझ्या या कानात एवढं सांगितलं, ते सगळं फुकट गेलं?" मग मात्र जो हशा पिकला, त्याने रूबी जो दचकून रडायला लागली.

उन्हाळ्यात त्यांच्या शिबिरात टिकावं लागेल. नवव्या फेरीतले बरेच परत पाठवतात म्हणे. भीती आहेच, माझी ती काही जायची नाही. पण गिरणीत मामाला नाही म्हणून कळवलं आणि रात्री मी शांत झोपले. पोरीचंही पोट भरतंय.

तुम्ही या. डेल्मर म्हणतो, आईला सांग, आता माझ्या कुठल्याही बाजूला बस. लागलं तर मी सांगेन.

शपथ मोडलेली, तरी तुमचीच सून,
अर्लीन