कबुतराची मान

रविवार, जयपूर

आज मी नऊ वर्षांच्या मुलीकडून हरलो, आणि अजून हसू आवरत नाहीये.

सकाळी चारदीवारीतल्या, म्हणजे तटाआतल्या जुन्या शहरातल्या, चौकात कबुतरांना दाणे टाकत होतो. इराने विचारलं, "बाबा, मतलब, कबूतर चालताना मान का हलवतं?" मी ताबडतोब सांगितलं, "तोल सांभाळायला." हाडांचा डॉक्टर ना मी. कोणी काही विचारलं की उत्तर तोंडातून निघूनच जातं. खरंच माहीत होतं का? छे.

तिने मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि हळू करून लावला. कबुतराच्या मागे दाणेवाल्या बाईंची लाल बादली होती. डोकं बादलीच्या कडेपाशी आलं आणि तिथेच थांबलं. पाय चालले, अंग पुढे आलं, डोकं मात्र बादलीपाशीच. मग डोकं एकदम पुढे झेपावलं आणि पुन्हा थांबलं.

"हलवत नाहीये, बाबा. थांबवतंय. नीट दिसावं म्हणून, मतलब आपण फोन न हलवता धरतो तसं."

दाणेवाल्या बाई वाकून बघत म्हणाल्या, "हम तो समझते थे, कबूतर हर बात पे हाँ कहते हैं."

घरी येऊन वाचलं. इराचंच बरोबर. ती लाल बादली काही डोळ्यांपुढून जाईना, म्हणून जेवताना कबूल करून टाकलं. "मला माहीत नव्हतं" हे माधवीने लग्नानंतर माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं असेल.

इराने लगेच विचारलं, "बाबा, तुला अजून काय काय माहीत नाही?"

माधवी म्हणाली, "आधी जेवून घे, बाळा. यादी मोठी आहे."