बोर्गहिल्डचा गिनीपिग

३ सप्टेंबर १९३४
पोचले एकदाची क्षयरोग्यांच्या इस्पितळात, प्रयोगशाळेच्या नोकरीवर! खोलीला स्वतःची खिडकी आहे, खाली फ्योर्ड, डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी. दीपगृहावर बाबांनीच शिकवलेली, शाळा न पाहिलेली मुलगी म्हणून भीती वाटत होती. पण डॉक्टर त्वाइटेन म्हणाले, बरंय, वाईट सवयी तरी लागलेल्या नसतील.

क्षय ओळखायच्या तीन परीक्षांची ते तुलना करताहेत. एकच थुंकी तीनदा तपासायची. काचेवर रंगवली की क्षयाचे जंतू निळ्यावर लाल काड्यांसारखे दिसतात, तासाभरात. अंड्याच्या बलकावर वाढवली तर महिना. गिनीपिगला टोचली तर त्याला क्षय होतो का ते कळायला सहा आठवडे. काचा नळाला लावलेल्या रबरी नळीखाली धुवायच्या.

स्वयंपाकघरातली बोर्गहिल्ड साईची खीर घेऊन आली. म्हणाली, खा गं, इतकी वाळकी राहिलीस तर डॉक्टर तुलाच पिंजऱ्यात कोंबतील.

१९ सप्टेंबर
नोकरांची तपासणी. बोर्गहिल्डच्या काचेवर दोन लाल काड्या. तिला साधा खोकलाही नाही. मी पुन्हा रंगवली. पुन्हा त्याच.

डॉक्टरांनी तिला लगेच वरच्या बायकांच्या दालनात, खोकणाऱ्यांमध्ये हलवलं. गिनीपिगचं कळेपर्यंत थांबू या का, असं मी विचारलं. ते म्हणाले, जनावराला विचारून माणसाला खाट द्यायची का?

गाठोडं घेऊन जाताना बोर्गहिल्ड म्हणाली, डोळे भारीच तेज आहेत हो तुझे, बाई.

२० ऑक्टोबर
तिच्या बलकावर काहीच उगवलं नाही. डॉक्टर म्हणतात, ही परीक्षा कधीकधी फसते. गिनीपिग कोबी खातो, अंगानं भरलाय. वर जायचं मी टाळते.

३१ ऑक्टोबर
गिनीपिग कापला. फुप्फुसं गुलाबी, गाठी स्वच्छ. तिला क्षय नव्हताच.

मग काड्या कुठल्या? कोऱ्या काचेवर नुसतं नळाचं पाणी घेतलं, रंगवलं. लाल काड्या. रबरी नळी उभी चिरली — आत बुळबुळीत थर, त्याच काड्यांनी भरलेला. पाण्यातले निरुपद्रवी जंतू, काचेवर हुबेहूब क्षयासारखे.

तिच्यासारखे आणखी पाच जण मी वर पाठवलेत.

१ नोव्हेंबर
डॉक्टरांना सांगितलं. म्हणाले, डोंगरातलं झऱ्याचं पाणी, आम्ही सगळे तेच पितो. मग माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

बोर्गहिल्ड आता खोकते. तिची थुंकी मी पुन्हा रंगवली, वाफ गार करून केलेलं पाणी वापरून. ते पाणी आधी तपासलं होतं, स्वच्छ होतं. काच स्वच्छ नव्हती. काड्या नाहीत, जुड्या. जुड्याच जुड्या —

या वेळी खऱ्या.

४ नोव्हेंबर
माझी थुंकी डॉक्टरांनी घेतली. काच स्वतः त्याच नळाखाली धुतली, मला हात लावू दिला नाही. लाल.

सिस्टर आस्लाउग घोंगडी घेऊन आल्या. मला बाळ म्हणाल्या. मी म्हटलं, सहा आठवडे, फक्त गिनीपिगचं कळेपर्यंत — त्या म्हणाल्या, हो हो, वरचे सगळे हेच म्हणतात.

६ नोव्हेंबर
बोर्गहिल्डच्या शेजारची खाट. खिडक्या थंडीमुळे बंद. तिनं विचारलं, तुझा गिनीपिग कोणता गं, काळा की ठिपक्यांचा? आणि हसली. हसता हसता खोकली, तोंड माझ्याकडेच.

मी श्वास रोखला. तिचा खोकला थांबेपर्यंत. मग पलीकडची खोकली. मग तिसरी.

रोखते. सोडावा लागतो. सोडला की घ्यावा —