पंधरा दिवसांनी पुन्हा

तीर्थरूप बाबांना,
थोरलीचा नमस्कार. मी मजेत आहे, खोकलाही जवळजवळ गेला. आईचे गुडघे काय म्हणतात?

मुलं लक्ष कसं धरतात, हातातलं काम तडीस कसं नेतात, हे विचारणारी परक्या भाषेतली प्रश्नावली आम्ही इथल्या मुलांसाठी बेततोय. ती भरवशाची आहे का, हे पाहायला प्रत्येक आई ती पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा भरते. उत्तरं जुळायला हवीत.

एका आईची जुळलीच नाहीत. ‘मुलगी काम अर्धवट सोडते’ याला आधी ‘नेहमी’, मग ‘क्वचित’. आकडेमोड बघणारे सर म्हणाले, "बाईंना काही कळत नाही. टाका तो कागद."

मी बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "अहो, पहिल्यांदा सवयीने खुणा केल्या. मग म्हटलं, पोरीकडे बघू तरी! अभ्यास सोडून ती उठते, ती रडणाऱ्या धाकट्याला घ्यायला. आणि हाक मीच मारते की!"

बाबा, मी सरांशी कडाकडा भांडले. न जुळणारं उत्तर लपवणं ही लबाडी आहे! कागद मोजणीत राहिला.

आपल्या धाकटीला धांदरट ठरवून शाळेतून काढायचं तुमच्या मनात आहे, असं आईने कळवलंय. म्हणूनच हे पत्र लिहायला बसले.

सोबत दोन कोऱ्या प्रती आहेत. एक आजच भरा, रागाने भरलीत तरी चालेल. दुसरी पंधरा दिवस तिच्याकडे पाहून भरा. तोवर दाखला मागू नका.

भांडायला तुम्हीच शिकवलेली,
तुमची थोरली