मागून येणारी मुलगी

८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या चित्रकथेची पट्टी मागच्या सोमवारपासून आमच्या पेपरात सुरू झाली! सहा दिवसांची कात्रणं सोबत पाठवतोय. तुझ्या पुस्तकातल्या एका पानाचे चार दिवस होतात. रोज तीनच चौकटी, आणि तिसरीत वाचणाऱ्याला हसू आलंच पाहिजे, नाहीतर संपादकांच्या भुवया वर जातात. तुझी सुंदर पानं कापताना मी अगदी खाटीक झालोय.

एक बारीकसा बदल केलाय. गोष्टीतल्या मुलीच्या हातातली काठी वगळली. चौकट जेमतेम बोटभर उंच, त्यात काठीची रेघ चौकटीच्या रेघेत मिसळते, असं संपादकांचं म्हणणं पडलं. मी आपला हुकमाचा ताबेदार. भाचीला कात्रणं दाखव आणि मामा आता मोठा माणूस झाला म्हणून सांग.

रागावलीस तरी लोभात कपात करू नकोस.

तुझा,
धाकटा

१४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

जागा नव्हती म्हणतोस? तिच्या रिबिनीवरचे ठिपके मी मोजले, अकरा भरले. ठिपक्यांना जागा होते आणि काठीला होत नाही, हे कुणाला सांगतोस?

अरे, ती काठी टेकत सगळ्यांच्या मागून येते, म्हणून पुढे पळणाऱ्यांच्या हातून पडलेल्या वस्तू तिला सापडतात. पुस्तक उभंच त्यावर आहे. तुझी मुलगी तर सगळ्यांच्या पुढे धावते. मग तिला पडलेली किल्ली सापडली कशी?

माझं राहू दे. गोष्टीतली मुलगी म्हणजे आपणच, आता आपण पेपरात येणार म्हणून तुझ्या भाचीने वर्गभर दवंडी पिटली होती. कात्रणं मिरवत शाळेत गेली. मुली म्हणाल्या, ही तू नाहीसच, ही तर पळते. घरी येऊन जेवली नाही. कात्रणं माझ्या हातात दिली आणि विचारलं, मामाला मी अशी आवडत नाही का?  याचं उत्तर तूच दे.

तब्येतीला जप. राग आहे, पण माया त्याहून जुनी आहे.

ताई

१९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

संपादक काहीच म्हणाले नव्हते. मी तुला खोटं लिहिलं.

काठी रेखाटायला बसलो की हात चालत नव्हता. पाच वर्षांपूर्वी भाचीला स्कूटरवर पुढे उभं करून, वळणावरही वेग कमी न करणारा मीच. त्याबद्दल तू मला आजवर एका शब्दाने बोलली नाहीस. चांगलं झापलं असतंस तर बरं झालं असतं. तीन चौकटींत तिचा पाय बरा करता येतोय म्हटल्यावर मोह झाला. पहिल्यांदा तिला पळताना काढलं तेव्हा किती हलकं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

काल संपादकांना सगळं सांगितलं आणि न छापलेल्या पट्ट्या परत घेतल्या. पण इतके दिवस पळालेल्या मुलीच्या हातात काठी एकदम आली कुठून? सकाळपासून कोरा कागद पुढे घेऊन बसलोय. भाचीला काय लिहू, तेही कळत नाही. तूच तिला हे पत्र वाचून दाखव. माझ्यात धीर नाही.

लोभ मागायला तोंड राहिलेलं नाही.

तुझा अपराधी,
धाकटा

२४ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आईने पत्र वाचून दाखवलं. मध्येच तिला वाचता येईना, मग उरलेलं मीच वाचलं. तुझं अक्षर फार घाण आहे.

काठी कुठून आली ते खरं तेच काढ. पहिल्या चौकटीत मामा आणि मुलगी स्कूटरवर. दुसरीत दोघं रस्त्यावर पडलेली. तिसरीत दवाखान्यात मामा रडतोय. तू माझ्या खाटेपाशी रडत होतास. मला झोप लागली असं तुला वाटलं, पण मी डोळे मिटून जागीच होते. मला सगळं आठवतं. तुम्ही दोघंच त्याबद्दल कधी बोलत नाही. कुणाला हसू आलं नाही तरी चालेल, तसं संपादकांना सांग.

काठी तिच्या डाव्या हातात दे. आणि मुलगी रडत नाही असं काढ. मी खूप रडले होते, पण ते वर्गात कुणाला माहीत नाही.

लोभ किती ठेवायचा ते कात्रण बघून कळवीन.

तुझी भाची